घराला माहीत नसलेला आवाज

भाद्रपदाची पौर्णिमा उलटली की आमच्या रस्त्यावरून सामानाचे टेम्पो जायचे बंद होतात. एरवी दर रविवारी कुणाचं तरी घर दोरखंडाने आवळून निघालेलं दिसतं. गाद्या, फ्रीज, खुर्च्यांचे वर झालेले पाय, आणि ड्रायव्हरशेजारी मांडीवर देव घेऊन बसलेली बाई. पितृपक्ष लागला की हे सगळं थांबतं. घणसोलीच्या अंगाला नव्या इमारती बांधून तयार असतात, रंग झालेला असतो, लिफ्टही चालू असते, पण कुणी राहायला येत नाही. संध्याकाळी आजूबाजूच्या खिडक्यांत दिवे लागतात आणि मधल्या या इमारती तशाच काळ्या उभ्या राहतात. गॅलरीतून बघताना मला दरवर्षी वाटतं, त्या रिकाम्या नाहीत. तिथे कुणीतरी आधीच येऊन बसलं आहे आणि त्यांना दिव्याची गरज नाही.

या दिवसांतला उजेडही वेगळा असतो. पाऊस गेलेला नसतो, पण त्याचं मन उडालेलं असतं. दुपारी ऊन पिवळं पडतं, मैदानांवर चतुरांचे थवे एकाच जागी तरंगत राहतात. ओहोटी असली की खाडीच्या चिखलाचा वास येतो आणि त्यावर पावणे गावाकडच्या कारखान्यांचा वास चढतो, गोळी गिळताना जिभेला चिकटून राहावी तसा कडवट. यंदा हा वास नाकात शिरला आणि मी मनाने पुन्हा त्या पत्र्याच्या खोलीत जाऊन बसले.

काही वर्षांपूर्वी याच दिवसांत मी पावण्याला शिकवायला जात होते. औषधाच्या गोळ्या डब्यांत भरणारा तो कारखाना. डबे वाहणाऱ्या फिरत्या पट्ट्यापुढे बसणाऱ्या बायकांना चूक दिसायची, झाकण तिरकं बसलेलं दिसायचं, पण त्या वरच्या माणसाला सांगत नसत. बाहेरच्या देशांत माल घेणाऱ्यांनी कुरकुर केली, म्हणून या बायकांना ठामपणे बोलायला शिकवायचं ठरलं आणि आमच्या छोट्या संस्थेला ते काम मिळालं. कागदावर त्याचं नाव 'असर्टिव्ह ट्रेनिंग' होतं. बायका त्याला बोलायचा क्लास म्हणायच्या. "आज बोलायचा क्लास हाय, म्हंजे आज गप बसायला मिलेल," असं म्हणत त्या जिना चढायच्या.

जुन्या कॅन्टीनची ती खोली होती. दोन भिंती पत्र्याच्या, खिडक्या कायमच्या बंद, आणि कोपऱ्यात एक जुनाट एसी एकाच सुरात गुणगुणत असायचा. तिथे बोललेलं वाक्य पत्र्यावर आपटून जरा उशिराने परत यायचं. म्हणजे आपण बोलून गप्प झालो तरी आपलं बोलणं अजून खोलीत फिरत असायचं.

माझ्या हातात परदेशी पुस्तकावरून तयार केलेले धडे होते. पाय जमिनीवर घट्ट रोवा. श्वास पोटातून घ्या. आवाज खाली आणा. समोरच्याच्या डोळ्यांत बघा, जमत नसेल तर दोन भुवयांच्या मधे बघा. वाक्याची सुरुवात 'मी'पासून करा. कारणं देत बसू नका. समोरचा काहीही म्हणाला तरी तेच वाक्य, त्याच सुरात, पुन्हा म्हणा. अडकलेल्या कॅसेटसारखं.

'मी'पाशीच गाडं अडलं. बायका 'आमी' म्हणायच्या. "आमाला वाटतं", "आमच्यात नाय चालत", "घरचे बोलतान". त्यांना हसण्याचा मला हक्क नव्हता. मी जिंतूरसारख्या गावात शिकले, घरातली पहिली पदवीधर, आणि पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत स्वतःबद्दल "आम्ही समाजकार्यात एम. ए. केलं" असं सांगितलं होतं. समोरच्या बाईंनी प्रेमाने विचारलं, "तुमच्याबरोबर अजून कोण होतं?" मी खरोखरच विचारात पडले होते. बाजार समितीत पोती वाहणारे वडील, आई, मला वह्या पुरवणाऱ्या शाळेतल्या बाई, सगळेच माझ्याबरोबर होते.

'नाही'चंही तसंच. वास्तू सतत तथास्तु म्हणत असते, म्हणून भरल्या घरात वाईट शब्द काढू नये, हे आम्हा सगळ्याजणींना लहानपणापासून माहीत. तांदूळ संपले असं म्हणायचं नाही, वाढले म्हणायचं. निघताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. आणि इथे मी भरल्या खोलीत सगळ्यांना एका सुरात 'मी नाही करणार' म्हणायला लावत होते, आणि पत्र्याची भिंत प्रत्येक वेळी तेच परत म्हणत होती.

हिंगोलीकडची मंगल नावाची एक बाई होती, तोंडाने तिखट. ती म्हणाली, "मॅडम, एवढं सरळ तर आमच्याकडं बाई अंगात आल्यावरच बोलती."

सगळ्या हसल्या. मीही हसले आणि पुढचा धडा घेतला.

सुनंदा मागच्या रांगेत बसायची. तळवली गावातल्या जुन्या घरातली सून, पस्तिशीच्या पुढची. आवाज इतका बारीक की समोर उभं राहिलं तरी तो शेजारच्या खोलीतून येतोय असं वाटावं. एक दिवस सगळ्या गेल्यावर ती थांबली.

"मॅडम, असा घरान पन बोलायचा असतं? का नुसता कंपनीनच?"

"घरात तर आधी," मी म्हणाले.

मग तिने सांगितलं. घरात सासरे, थोरले दीर, जाऊ आणि हे दोघं, सगळे एकत्र. जावेचं नाव वैजू. वैजूताईला मूल नाही. सुनंदाला दोन मुली, धाकटी काव्या नुकती बालवाडीत जायला लागलेली. दिराने उलव्याला फ्लॅट घेतला होता आणि पितृपक्ष संपला की घटस्थापनेला ती दोघं तिकडे राहायला जाणार होती. काव्या त्यांच्याबरोबर जाणार होती. कायमची.

"हे कुणी ठरवलं?"

"कोनी ठरवला नाय. तसाच ठरला."

"तुम्हाला विचारलं?"

"मना कशाला विचारतील? मीच तिचे कपडे धुऊन घडी करून ठेवलेत." मग लगेच म्हणाली, "वैजूताय वाईट नाय, मॅडम. माझे बालतपनान सगला तिनीच केला. पोरगी तिचेच हातानी जेवते. नाय बोलायचा तं कसा बोलायचा? आनि हे बोलतान, भावाचा घर म्हंजे आपलाच घर."

"तुम्हाला काय हवंय?"

हा प्रश्न तिला कळायलाच वेळ लागला. मग तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाली, "पोरगी पायजे."

म्हणजे आमच्या हातात पितृपक्ष होता. या दिवसांत कुणी घर हलवत नाही, म्हणून काव्या अजून घरात होती. रोज क्लास संपला की आम्ही दोघी सराव करायचो. मी वैजूताई व्हायचे आणि ती सुनंदा. आधी आधी ती म्हणायची, "वैजूताय, आमाला असा वाटतं, म्हंजे तुला काय वाटंल ते..." आणि वाक्य विरघळून जायचं. पुन्हा पाय रोवायचे, पुन्हा श्वास.

एका संध्याकाळी सराव चालू असताना वीज गेली. एसीचा सूर बंद पडला. त्या खोलीत खरी शांतता कशी असते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पत्र्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडात सुनंदा समोर उभी होती आणि तिच्या तोंडून आवाज आला, "माझी पोरगी मी देनार नाय."

खालचा, जड आवाज, कसलीही घाई नसलेला. वैजूताई म्हणून उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात पत्र्याने ते वाक्य परत दिलं, आणि मला वाटलं, परत आलेला आवाज सुनंदाहून वयाने मोठा आहे.

"बराबर आला का, मॅडम?" सुनंदाने नेहमीच्या बारीक आवाजात विचारलं.

तिने मला नवमीला जेवायला बोलावलं. अविधवा नवमी म्हणजे नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची तिथी. सुनंदाची सासू दोन वर्षांपूर्वी गेली होती. त्या दिवशी एका सवाष्णीला गेलेल्या बाईच्या नावाने जेवू घालतात, ओटी भरतात. "तुमी याल का सवाशीन म्हनून?" सुनंदा म्हणाली. "तुमी असलात तं मना बोलायला धीर येल." त्याच दिवशी, सगळे एकत्र असताना बोलायचं असं तिने मनाशी ठरवलं होतं.

तळवलीत शेतं कधीच गेली, पण बोळ शेताच्या बांधासारखेच वाकडे राहिलेत. दोन्ही बाजूंनी चारमजली घरं इतकी जवळ की मधे उभं राहिलं तर आभाळाची पट्टी दिसते. सुनंदाच्या घरात खालचे मजले भाडेकरूंचे, वरचा यांचा आणि त्यावर गच्ची. हॉलमध्ये सासूचा फोटो होता, फोटो काढणाऱ्यावर रागावल्यासारखा. घरात वडे तळल्याचा वास होता, खीर होती, अळू होतं. मला पाटावर बसवलं. वैजूताईने, गोल चेहऱ्याच्या हसऱ्या बाईने, मला कुंकू लावलं आणि वाकून नमस्कार केला. सुनंदाचे सासरे आबा, तेही हात जोडून उभे राहिले. त्या वेळेपुरती मी त्यांची बायको होते. मला कुणी नाव विचारलं नाही. फोटोतली बाई माझ्या पाठीकडे बघतेय असं सारखं वाटत होतं, आणि मी मागे वळून बघितलं नाही.

आधी कावळ्याला पान ठेवायचं, मग सवाष्णीने जेवायचं. आम्ही सगळे गच्चीवर गेलो. भर दुपार, वारा पडलेला. पाण्याच्या टाकीवर कावळे बसले होते. आबांनी कठड्यावर पान ठेवलं आणि हात जोडले.

"ये गो. घे."

कावळे माना वाकड्या करून बघत राहिले.

"नव्या फ्लॅटला तुझा नाव देतंय, आई," दीर म्हणाले. कावळे हलले नाहीत. सुनंदाचा नवरा म्हणाला, "काय राहिला असंल तं सांग, आई. आमी करू." एक कावळा उडाला तो पलीकडच्या गच्चीवर जाऊन बसला.

मग वैजूताई पुढे झाली. काव्या तिच्या कडेवर होती. "आई, पोरीची कालजी करू नको," ती कठड्याकडे बघत म्हणाली. "घटस्थापनेला मी तिला नेतंय. माझे पोटची म्हनून सांभालीन."

"माझी पोरगी मी देनार नाय."

आवाज आमच्या मागून आला होता. सुनंदा जिन्याच्या दारात उभी होती, पाय घट्ट रोवून.

"सुनंदा, गप. आता नको," दीर म्हणाले.

"माझी पोरगी मी देनार नाय."

"अगो, काय झाला तुला?" नवरा पुढे सरकला.

"माझी पोरगी मी देनार नाय."

तोच सूर, तोच वेग, शब्दांच्या मधली जागाही तीच. नजर आबांच्या दोन भुवयांच्या मधे. माझे सगळे धडे मला समोर दिसत होते, एकेक करून ओळखू येत होते. तरीही ती बाई सुनंदासारखी दिसत होती एवढंच.

आबा तिच्यासमोर आले. म्हातारा माणूस, पण आवाज लहान मुलासारखा झाला होता. "कोन हाय गो तू?"

"मी सुनंदा."

आबांनी मान हलवली, मायेने, जणू ती काही चुकीचं बोलली होती. "सुनंदा अशी बोलत नाय." आणि मग मुलांकडे वळून म्हणाले, "तुमचे आईचाच आवाज हाय. मी चालीस वर्सं ऐकलाय."

वैजूताईने काव्याला खाली ठेवलं. धावत जाऊन हळद-कुंकू आणलं, सुनंदाच्या कपाळभर फासलं आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "चुकला माझा, आई. नाय नेत. नाय नेत पोरीला."

"वैजूताय, मी सुनंदा," ती म्हणाली.

कुणी ऐकलं नाही. भीतीने सगळे मागे सरकले होते, कठड्याजवळ कुणीच उरलं नव्हतं. कावळे उतरले आणि पान रिकामं करायला लागले. माणसं दूर गेल्यावर कावळा येणारच, हे मला दिसत होतं. त्यांना वेगळंच दिसत होतं. हा आवाज मीच बसवून घेतलाय, असं मी सांगू शकले असते. सांगितलं असतं तर काव्या परत वैजूताईच्या कडेवर गेली असती. मी खाली आले आणि गेलेल्या बाईच्या पाटावर बसून तिचं जेवण जेवले. प्रत्येकाने मला एकेक वडा आग्रहाने वाढला. सुनंदाला मात्र त्या दिवशी कुणीच काही वाढू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती क्लासला आली. "पोरगी राहिली, मॅडम," ती म्हणाली. चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"रागावलेत का घरचे?"

"राग असता तं बरा व्हता. पाया पडतान. पहिला चाय मना देतान. हे बाहेर हॉलमधे झोपतान. माझ्याशी कोन बोलत नाय, तिच्याशी बोलतान."

आणि मग, मंगल पाणी प्यायला गेल्यावर, हळूच म्हणाली, "काल सांजचे काव्याची वेनी घालत व्हती. पोरगी बोलते, तू आय हायस का आजी? मी बोलली, आय. तं बोलते, आजी पन असाच सांगंल."

आमच्याकडे 'मी' म्हणायची मुभा कुणाला असते, याचा मी त्यानंतर खूप विचार केला. देवीला असते. मेलेल्याला असते. पिऊन आलेल्याला असते. जिवंत, शुद्धीवर असलेली बाई 'मी' म्हणाली की घर आजूबाजूला बघतं, कोण बोललं म्हणून. परदेशी पुस्तक लिहिणाऱ्यांच्या घरात माणूस लहानपणापासून मला हे हवं, मला ते नको म्हणत वाढत असेल, म्हणून मोठेपणी तो ठाम बोलला तर ऐकणाऱ्याला आवाज ओळखीचा वाटतो. सुनंदाचा आवाज त्या घरात कुणी कधी ऐकलाच नव्हता. तिने तो एकदम काढला, तेव्हा त्यांनी त्यांच्या माहितीतल्या सर्वात जवळच्या आवाजाला तो देऊन टाकला.

आणि मग मला माझी आई आठवली. मी दहावी झाले तेव्हा मला शाळेतून काढायचं घरात ठरलं होतं. तेही कुणी ठरवलं नव्हतं, तसंच ठरलं होतं. त्याच आठवड्यात, चुलीपुढे भाकरी थापता थापता आईच्या अंगात आलं. केस सुटले, आवाज बदलला आणि ती म्हणाली, "पोरीला शाळेतून काढलं तर या घरात मी राहणार नाही." वडिलांनी नारळ फोडला. काकांनी हात जोडले. मी अकरावीला गेले. आज मी जी काही आहे, हे घर, ही नोकरी, हे लिहिणं, ते सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे. मी देवीचे आभार मानत आले. दर नवरात्रात गावी ओटी पाठवत आले.

यंदा पितृपक्ष लागला तसं न राहवून मी आईला फोन केला. इकडचं तिकडचं बोलले आणि विचारलं, "आई, त्या दिवशी चुलीपुढे तू बोललीस का गं?"

"मला काय म्हाईत," आई म्हणाली. "मी कुठं होते तवा."

मी पुन्हा विचारलं नाही. ओटी यंदाही पाठवणार आहे. मात्र त्यात एक साडी आईच्या आवडीच्या रंगाची ठेवली आहे.

पावण्याचे उरलेले क्लास मी वेगळ्या तऱ्हेने घेतले. ऑफिसात म्हणाले, धडा उलटा करायला हवा. 'नाही' शेवटी ठेवू, आधी 'नको' शिकवू. कुणाचं काही अडणार नाही असं छोटंसं 'नको', रोज एक. मला साखर कमी. मला ही भाजी नको. मी आज नंतर जेवते. म्हणजे घराला तुमच्या आवाजाची सवय होईल, आणि उद्या मोठं काही बोलायची वेळ आली तर तो कुणाचा आहे हे त्यांना कळेल. दुसरं म्हणजे 'मी'ला एकटं पाठवायचं नाही, नात्याचं बोट धरून पाठवायचं. आधी त्या माणसाचं जे ऋण असेल ते मोकळेपणी बोलायचं आणि मग आपलं म्हणणं. आणि कारण द्यायचं, जरूर द्यायचं. कारण न देता तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणं हे आमच्याकडे मेलेल्या माणसांचं बोलणं आहे.

मंगलने दुसऱ्याच दिवशी हिशेब दिला. "मॅडम, मी म्हणलं, मला भेंडी नको. सासू म्हणली, मग मर उपाशी." सगळ्या हसल्या. मंगल न हसता म्हणाली, "पण मलाच म्हणली ना. अंगारा नाही लावला."

सुनंदाने चहापासून सुरुवात केली. "आबा, मना पहिला चाय नको. तुमी घ्या, मी मंग घेतंय." आबा दचकले, कप हातात धरून तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं, हा टीव्हीचा आवाज मना मोठा होतो. तिसऱ्या दिवशी अजून काही. घटस्थापना आली, दीर आणि वैजूताई काव्याला न घेता उलव्याला गेली. जाताना वैजूताई सुनंदाच्या पाया पडली आणि पाठ न दाखवता, मागे मागे सरकत जिना उतरली. सुनंदा ते सांगताना रडली होती.

काव्यानेही आपल्या परीने तपासणी चालू ठेवली होती. "माझे बाईंचा नाव काय?" "माझे डब्यान काल काय व्हता?" आजीला शाळा माहीत असण्याचं कारण नव्हतं. सुनंदा सगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होती, तीही न चिडता. एक दिवस पोरीने प्रश्न विचारायचे थांबवले आणि तिच्या कुशीत येऊन झोपली. त्यानंतर काही दिवसांनी आबांनी स्वयंपाकघराच्या दारातून नावाने हाक मारली. "सुनंदा, कुकर झाला का?" तिने मला हे असं सांगितलं, जणू कुणी तिला गावातून पत्र पाठवलं होतं.

पण पोरगी जेवेना. तिला वैजूताईच्या हाताचा घास हवा होता. रात्री झोपेत तिचं नाव घ्यायची. सुनंदाने आठवडाभर विचार केला. मग एका शनिवारी कुणालाही न विचारता तिने काव्याच्या पिशवीत दोन फ्रॉक भरले आणि दोघी उलव्याला गेल्या. पुढचं मी तिच्या तोंडून ऐकलेलं आहे.

उलव्याच्या त्या इमारतीत अजून फारसं कुणी राहायला आलं नव्हतं. जिन्यात सिमेंटचा वास, सगळी दारं बंद, आणि चपलांचा आवाज वरपर्यंत जाऊन परत येत होता. वैजूताईने दार उघडलं. समोर सुनंदाला बघून ती दोन पावलं मागे गेली, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले.

"वैजूताय," सुनंदा म्हणाली, "ही तुझ्याबिगर जेवत नाय. माझे बालतपनान तू केलास, तिला तुझा हात लागलाय. सोमवारपतूर ठेव तिला."

काव्या हात पसरून उभी होती. वैजूताईने तिला उचललं नाही. "कोन देतंय?" तिने घाबरत विचारलं. "तू का आई?"

"मी."

"आईला विचारलास?"

"कोनाला नाय विचारला. पोरगी माझी हाय. मी देतंय, आनि सोमवारी मीच नेनार. मंग परत शनिवारी आनीन."

वैजूताईने डोक्यावरचा पदर हळूहळू खाली घेतला. ती सुनंदाच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, नवीन भाडेकरूकडे बघावं तशी.

"मंग गच्चीवर पन तूच व्हतीस."

"मी बोलली व्हती. दोनदा बोलली, मी सुनंदा."

"मी तुझे पाया पडली," वैजूताई म्हणाली. तिचा आवाज चढायला लागला होता. "थोरली हाय मी. सगल्यांचे समोर पडली. जाताना परत पडली. आनि तू उभी राहिलीस, खांबासारखी."

सुनंदाला वाटलं, आता दार लागणार. तरी तिने खाली मान घातली नाही.

वैजूताईने वाकून काव्याला उचललं, कडेवर घेतलं, तिचं नाक पदराने पुसलं. मग दार पायाने पूर्ण उघडलं.

"चपला काढ आनि आत ये," ती म्हणाली. "आज तुझ्याशी भांडायचाय मना."